परतीचे तिकीट कोणी काढायचे?

मुंबई क्रिकेट असोसिएशनने ठाणे जिल्ह्यात आमणे येथे एक लाख प्रेक्षकांचे मैदान बांधण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हापासून चर्चा चालू आहे ती जागेची, खर्चाची आणि वानखेडेचे पुढे काय होणार याची. प्रेक्षक तिथे पोहोचणार कसे, हे क्वचित कोणी विचारतो. सामना संपल्यावर ते घरी येणार कसे, हे तर कोणीच विचारत नाही. नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील मैदानावर जानेवारी 2025 मध्ये ‘कोल्डप्ले’चे तीन कार्यक्रम झाले, पुण्याजवळच्या गहुंज्याला 2023 च्या विश्वचषकाचे पाच सामने झाले, महालक्ष्मी रेसकोर्सवर दरवर्षी संगीत महोत्सव भरतो. एका रात्रीत चाळीस-पन्नास हजार माणसे एका ठिकाणी जमणे आता नवलाचे राहिलेले नाही. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीने मांडून पाहू. पूर्वपक्ष मैदान बांधणाऱ्यांच्या आणि कार्यक्रम भरवणाऱ्यांच्या वतीने बोलेल. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष: तुम्ही मंडळी मैदानाचे नाव निघाले की लगेच लोकल आणि मेट्रो मागता. पण हिशेब बघा. मोठे मैदान वर्षातले फार तर तीस-चाळीस दिवस भरते, उरलेले तीनशेहून अधिक दिवस ते रिकामे असते. तेवढ्यासाठी कोट्यवधी रुपयांची रेल्वे किंवा मेट्रो तिथपर्यंत ओढणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे. ज्या पैशात डोंबिवली-बदलापूरच्या रोजच्या चाकरमान्याची गर्दी हलकी होईल, तो पैसा एका रात्रीच्या करमणुकीवर का घालायचा? शिवाय शहरात जागा उरलेलीच नाही. वानखेडे 1974-75 मध्ये चर्चगेटजवळ उभे राहिले, तसे आज उभे राहणे अशक्य आहे. मैदान शहराबाहेर जाणार, आणि शहराबाहेर महामार्ग असतो. गहुंजे द्रुतगती मार्गालगत आहे, आमणे समृद्धी महामार्गाच्या टोकाला आहे. रस्ता तयार आहे. वाहनतळ प्रशस्त ठेवा, पोलिसांचा बंदोबस्त नीट लावा, झाले.

उत्तरपक्ष: एका मैदानासाठी मेट्रो ओढू नये, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझी मागणी ती नाहीच. पण तुम्ही ज्या वाहनतळाच्या भरवशावर बसला आहात, त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडू. एक लाखापैकी निम्मे लोक मोटारीने आले आणि एका मोटारीत तिघे बसले असे धरा. म्हणजे सोळा-सतरा हजार मोटारी झाल्या. गाडी उभी करायची जागा आणि तिच्यापर्यंत जायची वाट मिळून एका मोटारीला साधारण 25 चौरस मीटर लागतात. बेरीज केली तर शंभर एकरांहून अधिक जमीन नुसत्या गाड्यांना हवी. आमणेच्या प्रस्तावात मैदानासकट सगळ्यासाठी जी जागा सांगितली जाते, ती आहे सुमारे 50 एकर. समजा, जमीन मिळाली. मग त्या गाड्या बाहेर काढा. रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला पंधराशे मोटारी अखंड सुटल्या, आणि अशा चार मार्गिका फक्त प्रेक्षकांसाठी मोकळ्या ठेवल्या, तरी शेवटची गाडी निघायला पावणेतीन तास लागतील. आणि त्या इतक्या सुरळीत सुटणार नाहीतच, कारण सगळ्यांना एकाच वेळी एकाच फाटकातून बाहेर पडायचे असते. महामार्ग जवळ आहे याचा अर्थ मैदान जवळ आहे असा होत नाही. महामार्ग वाहत्या गाड्यांसाठी असतो, एकदम सोडलेल्या लोंढ्यासाठी नसतो.

गहुंजे हे याचे चांगले उदाहरण आहे. 2012 मध्ये खुले झालेले हे मैदान वास्तुरचना म्हणून देखणे आहे. पण पुणे हे दुचाकीचे शहर, आणि द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. म्हणजे पुण्यातल्या सर्वसाधारण प्रेक्षकाचे वाहन त्या मैदानाच्या सर्वांत जवळच्या मोठ्या रस्त्यावर चढूच शकत नाही, त्याला देहूरोडच्या जुन्या महामार्गाने वळसा घालून यावे लागते. बेगडेवाडी आणि देहूरोड ही स्थानके फार लांब नाहीत, पण पुणे-लोणावळा लोकल मुंबईच्या लोकलसारखी मिनिटामिनिटाला नसते. एक चुकली की पुढची किती वेळाने, हे वेळापत्रक पाहूनच कळते. मैदान आधी बांधले आणि वाट नंतर शोधली, की असे होते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की परतीचा प्रवास हा तिकिटाचाच भाग मानला पाहिजे. ज्याने आसन विकले, त्याने त्या आसनावरच्या माणसाला रात्री गावात परत पोहोचवायची सोयही दाखवली पाहिजे, आणि ती दाखवल्याशिवाय परवानगी मिळता कामा नये.

पूर्वपक्ष: ऐकायला बरे वाटते. पण कोल्डप्लेचे तिकीट अडीच हजारांपासून सुरू होत होते आणि पस्तीस हजारांपर्यंत जात होते. असे तिकीट काढणारा माणूस हार्बर लोकलला लोंबकळत नेरुळला येईल, असे तुम्हाला खरेच वाटते? त्याला गाडी हवी, चालक हवा, दारापाशी सोडणारे कोणीतरी हवे. त्याला जे नको आहे ते त्याच्यासाठी उभे करणे, म्हणजे नुसती बोलाचीच कढी.

उत्तरपक्ष: माणूस तिकीट किती रुपयांचे काढतो यावर तो कशाने येतो हे ठरत नाही, समोर कोणते पर्याय आहेत यावर ठरते. त्याच कोल्डप्लेने 25 आणि 26 जानेवारी 2025 ला अहमदाबादेत, मोटेऱ्याच्या नरेंद्र मोदी मैदानावर कार्यक्रम केले. त्या मैदानाची क्षमता एक लाख बत्तीस हजार. तिथे मैदानाच्या नावाचेच मेट्रो स्थानक आहे, आणि त्या दोन रात्री मेट्रो साडेबारापर्यंत चालू ठेवली होती. दोन दिवसांत मिळून शहरभरात चार लाखांच्या आसपास लोकांनी मेट्रो वापरली. तिकीटही तेच, गायकही तेच, प्रेक्षकही साधारण त्याच खिशाचे, बरेचसे तर मुंबईहूनच गेलेले. नवी मुंबईच्या वेळी तिकीट विकणाऱ्यांनी गोरेगावहून नेरुळपर्यंत एक खास लोकलही ठरवली होती. म्हणजे असा प्रेक्षक लोकलमध्ये बसतो, हे तुमच्या बाजूच्या माणसांनीच ओळखले आहे. अडचण एवढीच की ते एकाने एकदा केलेले औदार्य राहिले, पुढच्याला बंधनकारक असा नियम झाला नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटते. महागड्या तिकिटाच्या माणसाबरोबर मैदानात आणखी हजारो माणसे असतात. स्वयंसेवक, सुरक्षारक्षक, पाण्याच्या बाटल्या विकणारे, ध्वनियंत्रणा उतरवणारे, रात्री दोन वाजता खुर्च्यांखालचा कचरा वेचणाऱ्या बायका. यांना कोणी टॅक्सीचे पैसे देत नाही. कार्यक्रमाची वाहतूक म्हटले की आपण फक्त प्रेक्षकाचा विचार करतो, पण ज्यांच्या अंगमेहनतीवर तो उभा राहतो त्यांना पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहत बसावे लागते.

पूर्वपक्ष: ठीक, लोक लोकलने येतील असे धरू. पण मग गर्दीचे काय? मोटारी निदान माणसांना पांगवतात. रेल्वे त्यांना एका जिन्यावर आणून कोंबते. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर 23 माणसे गेली. 4 जून 2025 ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर 11 जण चेंगरून मेले, आणि त्या दिवशी गर्दी वाढल्यावर जवळची मेट्रो स्थानके बंद करावी लागली होती. तुमची सार्वजनिक वाहतूकच अशा रात्री जीव घेऊ शकते.

उत्तरपक्ष: तुमचा हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. या दोन्ही दुर्घटनांत गाड्या कमी पडल्या नव्हत्या. एल्फिन्स्टनला अचानक पाऊस आला, लोक जिन्यावर आडोशाला थांबले, मागून गाड्यांतून उतरणारे येतच राहिले आणि अरुंद जिन्याला ते झेपले नाही. बंगळुरूत किती लोक येणार, कोणत्या फाटकाने आत जाणार, याचे नियोजनच झाले नव्हते. दोन्हीकडे प्रश्न होता रुंदीचा आणि थोपवण्याचा. ब्रिटनमध्ये क्रीडामैदानांच्या सुरक्षिततेची जी मार्गदर्शक पुस्तिका वापरतात, तिच्या हिशेबाने जिन्याच्या एका मीटर रुंदीवरून मिनिटाला 66 माणसे सुरक्षितपणे जाऊ शकतात. तीन मीटरच्या जिन्यावरून मिनिटाला दोनशेच्या आत. आता डी. वाय. पाटील मैदानातल्या पन्नास-पंचावन्न हजारांपैकी निम्मे लोक एकाच स्थानकाकडे आणि अशा एकाच जिन्याकडे वळले, तर त्यांना फलाटावर उतरायलाच दोन तासांहून अधिक लागतील. लोकल दर पाच मिनिटांनी सोडली तरी त्यात फरक पडणार नाही. पण जिने दोन केले, लोकांना नेरुळ आणि जुईनगर अशा दोन स्थानकांत मैदानाच्या दारापासूनच विभागले, तर तोच वेळ निम्म्याहून खाली येतो. हे काम मेट्रोच्या मानाने किरकोळ खर्चाचे आहे, आणि ते झाले तर उरलेले तीनशे दिवस नेरुळच्या रोजच्या प्रवाशालाही त्याचा उपयोग होतो.

थोपवण्याची कलाही शिकण्यासारखी आहे. लंडनचे वेम्बली मैदान नव्वद हजारांचे आहे आणि तिथे प्रेक्षकांच्या गाड्यांना जागा फार थोडी आहे. मैदान ते वेम्बली पार्क स्थानक असा एक रुंद पायरस्ता आहे. सामना सुटला की त्या रस्त्यावरच गर्दी टप्प्याटप्प्याने थांबवतात, स्थानकाच्या जिन्यापाशी फलाट रिकामा होईल तेवढीच माणसे पुढे सोडतात. थांबलेला माणूस मोकळ्या आकाशाखाली, सपाट रस्त्यावर, श्वास घेत उभा असतो. जिन्यावर किंवा पुलावर त्याला कधीच उभे राहावे लागत नाही. शिवाय तिथल्या स्थानिक पालिकेने वर्षात किती मोठे कार्यक्रम व्हावेत यालाही मर्यादा घातली आहे. गर्दी रेल्वेमुळे धोक्याची होत नाही. गर्दीला उभे राहण्याची जागा चुकीची नेमली, की ती धोक्याची होते.

पूर्वपक्ष: पण वेळेचे काय करणार? रेल्वेला रात्री रूळ, तारा, सिग्नल यांची डागडुजी करायला दोन-तीन तास लागतात. क्रिकेटचा सामना कधी संपेल हे कोण सांगणार? तुमच्या लोकलला वेळापत्रक असते, आमच्या पावसाला नसते.

उत्तरपक्ष: हे अगदी खरे आहे, आणि त्याचा ताजा दाखला आपल्याकडेच आहे. 2 नोव्हेंबर 2025 ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना डी. वाय. पाटील मैदानावर दुपारी तीनला सुरू व्हायचा होता. पावसामुळे तो पाचला सुरू झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवले, तोवर मध्यरात्र होत आली होती. अशा वेळी घड्याळाला बांधलेली शेवटची गाडी निरुपयोगी ठरते. शेवटची गाडी शेवटच्या चेंडूला बांधली पाहिजे, म्हणजे ‘सामना संपल्यानंतर दीड तासापर्यंत’ अशा शब्दांत ती ठरली पाहिजे. दुसरीकडे, संगीताच्या कार्यक्रमाला हा त्रास तुलनेने कमी असतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात, वर्षातल्या काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. दहाला संपलेल्या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांना लोकल चालू असतात, मेट्रोही चालू असते. खरी पंचाईत होते ती आयपीएलच्या सामन्याची, कारण तो साडेसातला सुरू होऊन अकरा-साडेअकराला सुटतो. मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, तिचे एक स्थानक चर्चगेटलाच आहे, पण तिची शेवटची गाडी एरवी साडेदहाच्या सुमारास सुटते. म्हणजे वानखेडेच्या दारात नवी मेट्रो आली, आणि रात्रीच्या सामन्याला तिचा उपयोग जातानाच होतो. हा दोष बोगद्यात नाही, वेळापत्रकात आहे, आणि वेळापत्रक एका रात्रीपुरते बदलता येते.

बदलता येते हे मी परदेशाकडे बघून सांगत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री मुंबईत लोकल रात्रभर सुटतात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी विशेष लोकल असतात. 31 डिसेंबरच्या रात्रीही असतात. आषाढीला एसटी पंढरपूरसाठी राज्यभरातून पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडते, आणि त्यासाठी पंढरपुरात तात्पुरती बसस्थानके उभी राहतात. लाखोंना न्यायचे आणि आणायचे, हे काम आपल्याकडच्या यंत्रणांना कोणी शिकवायला नको. गहुंज्याच्या सामन्यांनाही पीएमपीएमएल मनपा भवन, कात्रज, निगडी अशा ठिकाणांहून खास बस सोडत आली आहे. यात्रेला आपण हे सहज करतो, कारण यात्रेची जबाबदारी शासनाची, हे सर्वांना ठाऊक असते. धंद्याच्या कार्यक्रमाची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. आयोजक म्हणतो वाहतूक पोलिसांचे काम, पोलिस म्हणतात आम्ही रस्ते बघतो, रेल्वे म्हणते आमच्याकडे मागणीच आली नाही.

पूर्वपक्ष: आता आलात मुद्द्यावर. पैसे कोणी द्यायचे? आयोजकावर टाकाल तर तो तिकिटात लावेल. आधीच कर, परवाने, सुरक्षा यांवर इतके जाते की मोठे कलाकार भारत टाळत होते. त्यात हा दुष्काळातला तेरावा महिना. लहान आयोजक तर बुडतीलच.

उत्तरपक्ष: हिशेब मांडू. एका बसचे रात्रीचे भाडे पंधरा हजार रुपये धरा. गहुंजे ते निगडी असल्या जवळच्या टप्प्यात सामना सुटताना ती दोन फेऱ्या सहज मारेल, म्हणजे एकशेवीस माणसे. माणशी खर्च आला सव्वाशे रुपये. अडीच हजारांच्या तिकिटात हा वीस भागांतला एक भाग झाला. मोटार आणली असती तर वाहनतळाचे भाडे, टोल आणि इंधन यांतच याहून अधिक गेले असते. जर्मनीने 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात सामन्याच्या तिकिटातच शहरातला सार्वजनिक प्रवास धरला होता, आणि 2024 च्या युरो स्पर्धेतही प्रेक्षकाला यजमान शहरात छत्तीस तासांचा पास मिळाला. त्यामुळे तिकीट कोणाला परवडेनासे झाले नाही. अहमदाबादेतही आयपीएलच्या रात्री मोटेऱ्याहून परतीचे पन्नास रुपयांचे एकच सरसकट कागदी तिकीट ठेवले जाते, म्हणजे गर्दीत खिडकीवर भाड्याची घासाघीस होत नाही. लहान आयोजकांची तुमची काळजी रास्त आहे. म्हणून हा नियम दहा हजारांहून मोठ्या जमावालाच लावावा. नाट्यगृहातल्या हजारभर माणसांसाठी कोणी खास लोकल मागत नाही.

आणि आयोजकाने द्यायचे नाहीत, तर मग कोणी द्यायचे? राज्य सरकारने 2023 मध्ये क्रिकेट सामन्यांच्या पोलिस बंदोबस्ताचे शुल्क कमी केले, तेही मागील काळापासून. त्यावरच्या जनहित याचिकेत 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला चांगलेच खडसावले. बंदोबस्ताचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून, वाहतूक कोंडीचा भार आजूबाजूच्या रहिवाशांवर आणि नफा मात्र खासगी, अशी ही वाटणी आहे. कोल्डप्लेच्या तीन दिवसांत नवी मुंबईत अवजड वाहनांना बंदी करावी लागली होती. जेएनपीएच्या बंदराकडे जाणारा मालट्रक थांबला, त्याचे भाडे बुडाले, त्याचा हिशेब कोणत्या तिकिटात लावला होता? मी नवा खर्च सुचवत नाही. आज दुसऱ्यांच्या खिशातून जाणारा खर्च, ज्याच्यामुळे तो होतो त्याच्या वहीत लिहावा, एवढेच म्हणतो.

पूर्वपक्ष: समजा, मी हे मान्य केले. तरी रेल्वे केंद्राची, मेट्रो राज्याची, बस महापालिकेची, परवाना पोलिसांचा. एका आयोजकाने चार दारे ठोठावायची, आणि एकाने ‘नाही’ म्हटले की कार्यक्रम रद्द. यातून शिस्त येणार नाही, नुसते खेटे वाढतील.

उत्तरपक्ष: इथे तुमचे पारडे जड आहे, आणि हा आक्षेप मी पूर्ण खोडू शकत नाही. नियम नुसता आयोजकावर टाकला आणि यंत्रणांना मोकळे सोडले, तर तो खेट्यांचाच नियम होईल. म्हणून बंधन दोन्ही बाजूंना हवे. आयोजकाने ठरावीक मुदतीआधी अर्ज करायचा आणि पैसे भरायचे. यंत्रणांनी ठरावीक दिवसांत जादा गाड्यांचे दर आणि संख्या लेखी सांगायची, नाहीतर नकाराचे कारण लेखी द्यायचे. वाटाघाटीला एकच खिडकी हवी, आणि महामुंबईत ती एमएमआरडीएकडे असणे सोयीचे. गणपतीत रेल्वे, बेस्ट, पोलिस आणि महापालिका एका टेबलाभोवती बसतात. मग पैसे देणारा समोर असताना त्यांना एकत्र बसणे जमणार नाही, हे मला पटत नाही.

राहता राहिले आमणे. तिथली जागा चुकीचीच आहे, असे मी म्हणत नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो पूर्ण झाली, भिवंडी आणि कल्याण स्थानकांपर्यंत बसची स्वतंत्र मार्गिका आधीपासून आखली, तर शहराबाहेरचे मैदानही चालू शकेल. पण त्यासाठी क्रम उलटा करावा लागेल. आधी एक लाख माणसे रात्री साडेबाराला कोणत्या वाहनाने, किती वेळात, कोणत्या स्थानकापर्यंत पोहोचतील याचा तक्ता काढायचा, आणि त्या तक्त्यात जेवढी माणसे बसतील तेवढ्याच खुर्च्यांना मंजुरी द्यायची. तक्ता साठ हजारांचा निघाला, तर मैदान साठ हजारांचे. पुढे वाहतूक वाढली की मजले चढवा. आज आपण खुर्च्या मोजतो आणि त्यांवरून मैदानाचे मोठेपण ठरवतो. मैदानाची खरी क्षमता तासाभरात सुखरूप बाहेर काढता येणाऱ्या माणसांइतकीच असते, आणि परवान्यावर तोच आकडा छापला पाहिजे.